गोवऱ्यांचा धूर आणि जीवनाचे पाणी

नाताळानंतरच्या आठवड्यात घरोघरी जाऊन आशीर्वादाची प्रार्थना करण्याची आमच्याकडे प्रथा आहे. गेल्या वर्षी त्या निमित्ताने विंचूरला एका कुटुंबात जाण्याचा योग आला. नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, लासलगावच्या कांद्याच्या बाजारपेठेजवळचे हे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते भेटते ते पानिपतच्या रणांगणात झुंजलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीमुळे. अलीकडच्या काळात मात्र त्याची ओळख बदलली आहे. महाराष्ट्र शासनाने 2001 साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि राज्यात जे वाइन पार्क उभारले गेले त्यांतील एक विंचूरला आला, दुसरा सांगली जिल्ह्यात पलूसला. ज्या शिवारातून पूर्वी केवळ द्राक्षांच्या पेट्या बाहेर पडत, तेथून आता द्राक्षारसाच्या बाटल्याही बाहेर पडू लागल्या.

ज्या घरी मी गेलो होतो तेथील धाकटा मुलगा अशाच एका वाइनरीत तळघरातील पिंपांची देखभाल करतो. त्याचा चुलतभाऊ नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये असतो आणि नाताळाच्या सुट्टीसाठी घरी आला होता. प्रार्थना झाली, फराळ झाला, आणि त्या मुलाने संकोचत तीन लहान बाटल्या टेबलावर ठेवल्या. स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयला नावाचे बेट आहे. तेथे दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस एक उत्सव भरतो आणि त्या उत्सवापुरतीच तयार केलेली व्हिस्की विकली जाते. संख्या मोजकी, मिळेल त्याला मिळेल. हा मुलगा मित्रांसह पहाटेपासून रांगेत उभा राहिला होता, आणि मिळालेल्या बाटल्यांतील थोडे थोडे घरच्यांना चाखवण्यासाठी घेऊन आला होता.

त्याने पेल्यांत दोन दोन चमचे ओतले, वर चमच्याने पाण्याचे चार थेंब टाकले. पाण्याने वास मोकळा होतो, म्हणाला. खोलीत एक विलक्षण दर्प पसरला. ओल्या मातीचा, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचा, दवाखान्यातील जंतुनाशकाचा, आणि या सर्वांच्या मुळाशी धुराचा. घरातील थोरले काका कोपऱ्यात बसले होते. गेली नऊ वर्षे त्यांनी दारूला स्पर्श केलेला नाही. ते जागेवरूनच म्हणाले, "हा तर आईच्या चुलीचा वास. गोवऱ्या पेटवल्या की असाच यायचा."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांच्या पाठच्या भावाचा अंत्यविधी मीच केला होता. बेचाळिसाव्या वर्षी यकृत निकामी होऊन तो गेला. काका थोड्या वेळाने मला म्हणाले, "फादर, एक विचारू का? पोरगा सांगतो, ही व्हिस्की पहिल्यांदा तुमच्या मठातल्या लोकांनी काढली. ज्यानं माझा भाऊ नेला, ते देवाच्या माणसांनी शोधलं, हे खरं आहे का?"

त्या दिवशी मी त्यांना अर्धवटच उत्तर दिले. पूर्ण उत्तरासाठी इतिहासाची पाने उलटावी लागतात. ती मी उलटली. वाचकहो, हा लेख म्हणजे काकांना दिलेले उशिराचे उत्तर आहे.

ब्रदर जॉन कोर यांचे आठ माप माल्ट

काकांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, बऱ्याच अंशी ते खरे आहे. भबक्यातून अर्क काढण्याची कला मध्ययुगात अरब विद्वानांनी वाढवली आणि तेथून ती युरोपात गेली. 'अल्कोहोल' हा शब्दच मुळी अरबी भाषेतून आलेला. बाराव्या शतकाच्या सुमारास इटलीतील सालेर्नोच्या वैद्यकशाळेत द्राक्षारसाचे ऊर्ध्वपातन होऊ लागले. जो अर्क निघाला त्याला लॅटिनमध्ये 'आक्वा व्हिटे' म्हणजे जीवनाचे पाणी असे नाव पडले. त्याकडे औषध म्हणून पाहिले जाई. त्या काळी रुग्णसेवा, वनौषधींची लागवड आणि ग्रंथांचे जतन ही कामे मोठ्या प्रमाणावर मठांत चालत, त्यामुळे ही विद्याही मठांत रुजली यात नवल नाही.

थंड प्रदेशात द्राक्षे पिकत नाहीत. तेथील लोकांनी सातूचा आधार घेतला. आपल्या घरी बाळाच्या सत्त्वासाठी नाचणी भिजवून तिला मोड आणतात, वाळवतात आणि दळतात. तसेच सातूचे करायचे. मोड आले की धान्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. हा मोड आलेला, वाळवलेला सातू म्हणजेच माल्ट. तो भरडून गरम पाण्यात कालवायचा, त्या गोड पाण्याला यीस्टने आंबवायचे आणि तांब्याच्या भबक्यातून त्याचा अर्क उतरवायचा.

स्कॉटलंडच्या राजकोशाच्या हिशेबवहीत 1494-95 या वर्षी एक नोंद आहे. राजा चौथा जेम्स याच्या आज्ञेवरून ब्रदर जॉन कोर यांना आक्वा व्हिटे तयार करण्यासाठी आठ बोल माल्ट देण्यात आला, एवढाच तिचा आशय. बोल हे तेथील धान्याचे जुने माप. स्कॉटलंडमधील व्हिस्कीचा हा सर्वांत जुना ज्ञात लेखी पुरावा मानला जातो, आणि तो एका व्रतस्थाच्या नावावर आहे. फाइफ परगण्यातील लिंडोरेस मठाशी या ब्रदरांचे नाव परंपरेने जोडले जाते. हा मठ 1559 साली धर्मसुधारणेच्या वादळात उद्ध्वस्त झाला. त्याचे अवशेष मात्र उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी 2017 साली पुन्हा एकदा भबका पेटला.

'आक्वा व्हिटे'चे गेलिक भाषेत शब्दशः भाषांतर झाले 'उश्के बाहा'. इंग्रजांच्या तोंडी त्याचा अपभ्रंश होत 'व्हिस्की' झाले. मूळ शब्दातील 'जीवन' गळून पडले आणि केवळ 'पाणी' उरले. या शब्दाच्या इतिहासात मला पुढच्या शोकांतिकेची पूर्वसूचना दिसते.

गरिबाचे जळण

आता तो धूर. आयला बेटावर पाऊस भरपूर, झाडे विरळ आणि कोळशाच्या खाणी नाहीत. बेटाचा मोठा भाग दलदलीचा. त्या दलदलीत शेवाळ आणि गवत साचत जाते. पाण्याखाली हवा न मिळाल्याने ते धड कुजत नाही. त्याचे थरावर थर चढतात आणि पीट नावाचा काळा, मऊ पदार्थ तयार होतो. कोळसा होण्याच्या वाटेवरची ही पहिली पायरी म्हणा. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे एक मीटर खोलीवरचे पीट हजार वर्षांपूर्वीचे असते. वसंत ऋतूत लांब फावड्याने त्याच्या विटा कापायच्या, वाऱ्यावर वाळवायच्या आणि वर्षभर चुलीत जाळायच्या, ही तेथील शेतकऱ्यांची परंपरागत रीत. आपल्या आयाबहिणी शेणाच्या गोवऱ्या थापून वाळत घालतात, त्याच जातीचे हे काम. काकांच्या नाकाने जे ओळखले ते इतिहासाच्या दृष्टीनेही बरोबरच होते.

मोड आलेला सातू वाळवायला आयलाच्या लोकांनी हेच जळण वापरले. धुरातील फिनॉल नावाची द्रव्ये दाण्याला चिकटली आणि भबक्यातून थेट पेल्यात उतरली. कोणी चव शोधण्यासाठी हे केले नव्हते. दुसरे जळण नव्हते म्हणून केले होते. पुढे मुख्य भूमीवर रेल्वे आणि कोळसा आला, तेव्हा तेथील अनेक भट्ट्यांनी पीट कमी केले. बेटावर मात्र धूर टिकला. आज माल्टमधील फिनॉलचे प्रमाण दशलक्ष भागांत किती, असे मोजतात. लागाव्हुलिनचे सुमारे 35, लफ्रॉइगचे 40 ते 45, आर्डबेगचे 55 असे आकडे दिले जातात. ऑक्टोमोर या व्हिस्कीच्या एका आवृत्तीत तर हा आकडा 309 वर गेला होता. गरिबीची खूण श्रीमंतांच्या हौसेचे परिमाण बनली, ती अशी.

आर्डबेगच्या भट्टीपासून काही मैलांवर किल्डाल्टन नावाच्या जागी आठव्या शतकातील एक पाषाणाचा क्रूस उभा आहे. त्यावर बालयेशूला घेतलेली पवित्र मरिया, काइन आणि हाबेल, अब्राहाम आणि इसहाक कोरलेले आहेत. बाराशे वर्षांचा वारा आणि पाऊस त्याने सोसला आहे. तो घडवला जात असताना जे शेवाळ दलदलीत हिरवे होते, त्याची वीट आज एखाद्या भट्टीत जळत असेल. त्या भाच्याने मला त्या क्रूसाचे छायाचित्र दाखवले, तेव्हा व्हिस्कीपेक्षा मला त्याचेच अप्रूप वाटले.

उत्सव कशासाठी?

आज जगभरातून माणसे आयलाला जातात हे खरे, परंतु चाळीस वर्षांपूर्वी तेथे वेगळे चित्र होते. व्हिस्कीचा खप घसरला. आर्डबेगची भट्टी 1981 साली थंडावली, पोर्ट एलनची 1983 साली बंद झाली. जेमतेम तीन हजार लोकवस्तीच्या बेटावर एक भट्टी बंद पडणे म्हणजे काय, हे ज्यांनी साखर कारखाना बंद पडताना पाहिला आहे त्या नाशिक-नगरच्या वाचकांना सांगायला नको.

याच दशकात बेटावर 'फेश ईल' म्हणजे आयलाचा उत्सव सुरू झाला. उद्देश होता गेलिक भाषा, गाणी आणि नृत्य जपण्याचा. आपली बोली मरू नये म्हणून धडपडणाऱ्या वसईच्या आपल्या बांधवांना ही तळमळ समजेल. 2000 सालच्या सुमारास भट्ट्याही त्यात सामील झाल्या. प्रत्येक भट्टीला एक दिवस ठरवून मिळाला, त्या दिवशी दारे उघडी, अंगणात बॅगपाइप आणि फिडल, आणि विक्रीस त्या वर्षापुरती खास व्हिस्की. लफ्रॉइगच्या वार्षिक आवृत्तीचे नाव 'कार्चस' आहे. गेलिकमध्ये त्याचा अर्थ मैत्री. 1997 साली आर्डबेगला नवा मालक मिळाला आणि तिचा धूर पुन्हा नियमित येऊ लागला. पोर्ट एलन 2024 साली, एकेचाळीस वर्षांनी, पुन्हा सुरू झाली.

या उत्सवाची दुसरी बाजूही त्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितली. रांगेतील अनेक जण बाटली उघडत नाहीत. ती काही दिवसांत लिलावात जाते आणि दुप्पट-तिप्पट किमतीला विकली जाते. मैत्रीचे नाव असलेली बाटली कोणाच्याही सोबतीने न पिता कपाटात बंद राहते. दारूचा मोह दोन प्रकारचा असतो असे मला त्या दिवशी उमगले. एकाला ती पिण्याचा मोह होतो, दुसऱ्याला ती राखून ठेवण्याचा.

आपल्या मातीतील धूर

ही कथा परदेशातच संपत नाही. बंगळूरला 1948 साली जगदाळे कुटुंबाने एक मद्यनिर्मिती संस्था स्थापली. हे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. संस्थेचे नाव अमृत. समुद्रमंथनातून निघालेल्या, मृत्यूवर मात करणाऱ्या पेयाचे हे नाव. म्हणजे लॅटिन, गेलिक आणि संस्कृत या तिन्ही भाषांनी या द्रव्याला जीवनाशीच जोडले. 2004 साली या संस्थेने आपली सिंगल माल्ट व्हिस्की प्रथम बाजारात आणली ती भारतात नव्हे, तर थेट ग्लासगो शहरात. पुढे भारतीय सातू आणि स्कॉटलंडचा पीटच्या धुरात वाळवलेला सातू यांच्या मिश्रणातून 'फ्यूजन' तयार झाली, आणि जिम मरे या समीक्षकाने आपल्या 2010 च्या वार्षिक ग्रंथात तिला जगात तिसरे स्थान दिले. नाशिकजवळ दिंडोरीतही 2022 पासून 'लाँगिट्यूड 77' ही सिंगल माल्ट तयार होते.

आपल्याकडील उष्णतेमुळे पिंपातील मद्य झपाट्याने उडते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के उडते, तर गोव्यासारख्या ठिकाणी आठ टक्क्यांपर्यंत. या उडणाऱ्या भागाला तेथील कारागीर 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. विंचूरचा तो धाकटा मुलगा हसून म्हणाला, "फादर, आमच्याकडचे देवदूत जास्तच तहानलेले."

गोव्यात कुंकळ्ळी येथे पॉल जॉन या नावाची सिंगल माल्ट तयार होते. तिच्या काही प्रकारांसाठी स्कॉटलंडहून पीट आणले जाते, आणि अलीकडे नाताळासाठी मर्यादित संख्येची खास आवृत्तीही निघते. कुंकळ्ळी हे नाव वाचताच कोणाही कॅथलिक वाचकाच्या मनात 25 जुलै 1583 हा दिवस उभा राहील. अकबर बादशहाच्या दरबारातून परतलेले येशूसंघीय फादर रुडॉल्फ आक्वाव्हिव्हा आणि त्यांचे चार सहकारी त्या दिवशी तेथे रक्तसाक्षी झाले. त्यांच्यासोबत काही स्थानिक ख्रिस्ती बांधवांचाही वध झाला. पोप तेरावे लिओ यांनी 1893 साली या पाच जणांना धन्यवादित घोषित केले. या स्मरणाबरोबर दुसरेही स्मरण ठेवले पाहिजे. त्यापूर्वी पोर्तुगीज सत्तेने त्या परिसरातील देवळे पाडली होती, आणि त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून घेऊन ठार करण्यात आले. त्यांचेही स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. सत्य सांगायचे तर दोन्ही बाजूंचे सांगावे.

'आक्वाव्हिव्हा' या इटालियन आडनावाचा अर्थ आहे जिवंत पाणी. ज्या गावात जिवंत पाणी या नावाच्या धर्मगुरूचे रक्त सांडले, तेथेच आज जीवनाचे पाणी या नावाचे मद्य पिंपांत मुरते आहे. हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून सिद्धान्त काढू नये. मात्र याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीला प्रभूने ज्या पाण्याविषयी सांगितले ते भबक्यातून उतरत नाही, एवढे तरी हा योगायोग आपल्याला आठवून देतो.

दुसरा मठवासी

काका, तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग आता घेतो. ज्या परंपरेतून ब्रदर कोर आले, तिनेच मद्याचा धोकाही ओळखला होता. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या चाळिसाव्या प्रकरणात ते द्राक्षारसाचे रोजचे माप ठरवून देतात, पण ज्यांना पूर्ण वर्ज्य करण्याची शक्ती देवाने दिली आहे त्यांना विशेष प्रतिफळ मिळेल, असेही सांगतात. पवित्र मिस्सेसाठी ख्रिस्तसभा द्राक्षांचा शुद्ध, न नासलेला रसच मान्य करते. कितीही मौल्यवान व्हिस्की असली तरी तिला वेदीवर स्थान नाही.

आणि 10 एप्रिल 1838 रोजी आयर्लंडमधील कॉर्क शहरात आणखी एक व्रतस्थ पुढे आला. फादर थिओबाल्ड मॅथ्यू हे कपुचिन संघाचे. व्हिस्कीने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे पाहून त्यांनी संपूर्ण वर्जनाची शपथ घेतली व इतरांना देऊ लागले. काही वर्षांतच लक्षावधी लोकांनी ती घेतली. 1898 साली डब्लिनमध्ये येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी याच कार्यासाठी 'पायोनियर' संघटना स्थापन केली. त्याच शहरातील मॅट टॅल्बट या मजुराने कोवळ्या वयात दारू धरली, 1884 साली ती सोडली, आणि 1925 साली मिस्सेला जाताना रस्त्यात कोसळून देह ठेवीपर्यंत तिला स्पर्श केला नाही. पोप सहावे पॉल यांनी 1975 साली त्यांना आदरणीय घोषित केले. व्यसनमुक्तीसाठी झगडणारे अनेक जण आज त्यांच्या मध्यस्थीची याचना करतात.

म्हणून काका, उत्तर असे: होय, देवाच्या माणसाने ते औषध म्हणून काढले. माणसाने औषधाचे मद्य केले, मद्याचा व्यापार केला, आणि व्यापाराला माणसाचे यकृत दिसत नाही. पुढे देवाच्याच दुसऱ्या माणसाने त्याविरुद्ध उभे राहून लाखोंना सावरले. या दोहोंतील कोणाचे नाव आम्ही लपवू नये. तुमच्या भावापर्यंत हा दुसरा मठवासी वेळेत पोहोचला नाही. त्याचा दोष मी माझ्याकडेही घेतो. मी त्याच्या घरी आशीर्वादाला गेलो, त्याच्या हातचा चहा घेतला, थरथरणारा हात पाहिला आणि नाताळाच्या दिवसांत अवघड बोलणे नको म्हणून गप्प राहिलो.

त्या दिवशी मी पेला उचलला की नाही, असे कोणी विचारील. मी वास घेतला, काकांकडे पाहिले आणि पेला परत ठेवला. त्या मुलाचा हिरमोड होऊ नये म्हणून त्याला म्हणालो, की तुझ्या बाटलीवर छापलेला 'मर्यादित' हा शब्द मला फार आवडला, मात्र ती मर्यादा बाटल्यांच्या संख्येला असते, तशी पिणाऱ्यालाही असावी. तो समजूतदार आहे. त्याने बाटल्या उचलून आत ठेवल्या.

निघताना काका दारापर्यंत आले. अंगणात त्यांच्या सूनबाईंनी पाणी तापवायला चूल पेटवली होती आणि थंडीत गोवऱ्यांचा धूर जमिनीलगत पसरला होता. काकांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "फादर, हा मात्र कितीही घ्या."